दोन डोक्यांचा लेखक

मित्रांनो, मी एक जुना छताचा पंखा आहे. माणसे मला खालून पाहतात आणि मी माणसांना वरून पाहतो. त्यामुळे त्यांचे चेहरे मला फारसे ठाऊक नाहीत. ठाऊक आहेत ती डोकी. कोणाचा भांग कोणत्या बाजूला, कोणाच्या टाळूवरचे केस विरळ होऊ लागले, कोण बोटाने डोके खाजवतो आणि कोण पेन्सिलीने, हे मला विचारा. एखादी गोष्ट समजली नाही की लोक म्हणतात, डोक्यावरून गेली. माझे उलटे झाले. मी जागच्या जागी फिरत राहिलो आणि एक मोठी गोष्ट माझ्या खालून गेली. तीच सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांब बाकांवर बसून बायका तांब्याची तार गुंडाळत. माझी तार जिने गुंडाळली तिची त्या दिवशी दाढ दुखत होती. एका हाताने गाल धरून तिने ते काम केले, तरी एकही वेढा सैल सोडला नाही. पुढे माझी तीन पाती बसवली, रंग दिला आणि तपासणाऱ्यापुढे टांगले. त्याने बटण दाबले, मान तिरकी करून पाहिले आणि म्हणाला, "डुलतोय जरासा. पण चालेल." माझ्याविषयी कोणी काढलेले हे पहिले उद्गार. मी ते मनाला लावून घेतले नाही.

मला विकत घेतले ते दोन भावांनी. त्यांचे नळाच्या तोट्यांचे आणि पाइपांचे दुकान होते. दोघे एकाच घरात, वरच्या मजल्यावर राहत. त्या घराच्या मधल्या खोलीत जेवणाचे मोठे टेबल होते. एका बाजूला स्वयंपाकघराचे दार, दुसऱ्या बाजूला जिना. वायरमनने मला त्या टेबलाच्या बरोबर वर टांगले. खाली स्टूल धरून घरातली थोरली सून उभी होती. "सांभाळून हो," ती म्हणाली, "पडलात तर टेबलावर पडा, माझ्यावर नको. मला अजून भाकऱ्या करायच्यात."

घरात थोरला भाऊ, धाकटा भाऊ, त्यांच्या दोघी बायका आणि थोरलीची मुलगी एवढीच माणसे. थोरलीचे केस सरळ. मधोमध भांग पाडलेला, पट्टीने आखल्यासारखा. धाकटीचे केस कुरळे आणि बेशिस्त. त्यांत ती कायम एखादी पेन्सिल खोचून ठेवी आणि मग सगळ्या घरभर तीच पेन्सिल शोधत फिरे. दोघींचे स्वभावही त्यांच्या केसांसारखेच होते.

पहिली काही वर्षे मी जेवणाऱ्यांना वारा घातला, एवढेच. मग एकदा थोरलीच्या मुलीला गोवर आला. तिला मधल्या खोलीत, माझ्या मंद वाऱ्याखाली निजवले होते. अंग खाजवू नये म्हणून धाकटी तिला गोष्ट सांगत बसे. गोष्टीत एक नदी होती. ती समुद्रात उगम पावे आणि उलटी डोंगराकडे वाहत जाई, म्हणून तिचे नाव माघारी. त्या नदीच्या काठाने एक बडबड्या निरोप्या निघाला होता. तो दिसेल त्याच्याशी बोलत बसे, त्यामुळे त्याचा निरोप काही केल्या पोहोचत नसे.

थोरली स्वयंपाकघरात काम करता करता ऐकत होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती हात पुसत दारात आली.

"काल तू म्हणालीस, खिंड बर्फानं बंद आहे. मग आज हा पलीकडे कसा गेला?"

"गेला," धाकटी म्हणाली. "गोष्ट आहे जाऊबाई ती."

"गोष्ट आहे म्हणून काय झालं? बर्फ तो बर्फच."

"मग जादूनं गेला."

"फुकटची जादू नको हं," थोरली म्हणाली. "फुकटची जादू म्हणजे न सांगता आलेला पाहुणा. किती दिवस राहील, काही नेम नाही. जादू केली की काहीतरी द्यावं लागलं पाहिजे."

आजारी मुलगी उठून बसली. "काय द्यावं लागेल, आई?"

थोरलीने विचार केला. मग म्हणाली, "शब्द. एकदा जादू केली की तोंडातला एक शब्द कायमचा गेला. पुन्हा तो बोलताच येणार नाही."

धाकटी गप्प झाली. असे क्वचितच होई. मग तिने केसांतून पेन्सिल ओढून काढली आणि कागद शोधायला उठली.

मित्रांनो, असा तो लेखक जन्माला आला. पुढे पुष्कळ लोकांनी त्याची पुस्तके वाचली आणि तो कसा दिसत असेल याच्या कल्पना केल्या. कोणी म्हणे दाढीवाला, कोणी म्हणे जंगलात एकटा राहणारा. त्याला दोन डोकी होती, हे फक्त मला वरून दिसत होते.

त्यांचे काम दुपारी चाले. भाऊ दुकानात गेले, मुलगी शाळेत गेली, भांडी झाली, की टेबल पुसून दोघी समोरासमोर बसत. थोरली राज्याचा कारभार पाही. डोंगर किती उंच, सैन्य एका दिवसात किती चालेल, कोणत्या महिन्यात कोणती वाट बंद, हे सगळे तिने ठरवले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिने त्या राज्याचा नकाशा काढला. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला बाजार आणि बंदरे, मधून माघारी. धाकटी त्या नकाशात माणसे भरी. कोळी, चोर, न्हावी, राजाची कजाग आत्या, निरोप्या. कोण कसे बोलेल ते ती उठून करून दाखवी. एकदा राक्षसाचे गुरगुरणे ठरत असताना खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने वर येऊन विचारले, नळ चोंदलाय का?

डोंगराच्या खिंडीतल्या दारावर एक म्हातारी जादूगारीण पहारा करी. जन्मभर जादू करून तिचे बहुतेक शब्द संपले होते. तिला सगळे अबोली म्हणत. ही थोरलीची. धाकटी तिला कधी हात लावत नसे.

"तुमच्यासारखीच आहे," ती थोरलीला म्हणे. "दोन शब्दांत काम भागवते."

"आणि निरोप्या तुझ्यासारखा. दोनशे बोलून भागत नाही."

भांडणेही होत. एक प्रकरण लिहून झाले की थोरली ते मोठ्याने वाचे आणि धाकटी मध्येच टेबलावर थाप मारी. "हा असं बोलणारच नाही. हा शिपाई आहे, मास्तर नाही." मग थोरली खोडरबर उचले आणि थोड्या वेळाने म्हणे, "बरं, तू बोल." कधी दाराची घंटा वाजे, कधी दूध उतू जाई. युद्ध ऐन रंगात असताना सिलिंडरवाला आला तर युद्ध थांबे. राजाचा मुलगा तळघरात कोंडलेला असताना त्या दोघी पाहुण्यांकडे निघून जात आणि तो बिचारा तसाच अंधारात राही.

पुस्तक पुरे झाल्यावर नावाचा प्रश्न आला. "माझं घाला, तुझं घाला, भांडण नको," थोरली म्हणाली.

"दोघींचंही नको," धाकटी म्हणाली. "बाईनं राक्षस मारले तर लोक पहिलं विचारतील, मग घरचं कोण बघतं?"

म्हणून त्यांनी अरण्यकेतू असे टोपणनाव घेतले आणि हस्तलिखित टपालाने पाठवून दिले. काही महिन्यांनी जिन्यावर धापा टाकण्याचा आवाज आला आणि माझ्याखाली एक संपूर्ण टक्कल येऊन उभे राहिले. ते प्रकाशक होते.

"श्रीयुत अरण्यकेतू आहेत का घरी?"

थोरलीने क्षणभर विचार केला. "बाहेर गेलेत."

"कधी येतील?"

स्वयंपाकघरातून धाकटीच्या हसण्याचा आवाज आला. प्रकाशक थांबायला तयार होते. त्यांनी चहा घेतला, घाम पुसला, आणि चहा घेता घेता पुस्तकातली एक शंका काढली. राजाची आत्या पहिल्या भेटीत निरोप्याला ओळखत कशी नाही? थोरलीने उत्तर दिले. स्वयंपाकघरातून धाकटीने ते उत्तर दुरुस्त केले. प्रकाशकांचे टक्कल आधी उजवीकडे वळले, मग डावीकडे वळले. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"अरेच्चा," ते म्हणाले. "म्हणजे बाहेर कोणीच गेलेलं नाही."

त्यांनी पुस्तक छापले. नाव मात्र अरण्यकेतूच ठेवले. ते वाचले गेले, म्हणून दुसरे आले, मग तिसरे. भावांचे यावर फारसे म्हणणे नव्हते. धाकटा म्हणे, "छान आहे." थोरला म्हणे, "दुपारचा वेळ जातो ना, मग झालं." त्याने एकही पुस्तक उघडले नाही.

माझे कौतुक व्हायचा प्रसंग एकदाच आला. चौथ्या भागाची पाने टेबलावर पडली होती. धाकटी पानांवर आकडे घालत नसे. मुलगी शाळेतून उन्हाची आली आणि तिने येताच माझे बटण शेवटपर्यंत फिरवले. सगळे राज्य उडाले. पाने गोळा झाली ती भलत्याच क्रमाने. थोरली ती लावायला बसली आणि मधेच थांबली. फितूर कोण आहे ते आता वाचकाला आधी कळत होते आणि राजाला फार नंतर. "अगं, हेच बरं आहे," ती म्हणाली. "असंच राहू दे." प्रकाशकांनी त्याच रचनेची फार तारीफ केली. "सुचलं कसं?" त्यांनी विचारले. धाकटीने बोट वर केले. "सगळी वरच्याची कृपा." प्रकाशकांना वाटले, ती देवाविषयी बोलते आहे. त्यांनी हात जोडले.

यानंतर घर फुटले.

भावांचे भांडण कशावरून झाले ते मला नीट माहीत नाही. ते दुकानात झाले आणि घरात त्याचे तुकडे तेवढे आले. धाकट्याला वेगळे दुकान काढायचे होते. थोरल्याला ते पाठीत सुरा खुपसण्यासारखे वाटले. एका रविवारी जेवणे झाल्यावर, चौघे टेबलाशी बसलेले असताना, थोरला भाऊ उठून उभा राहिला.

"याला हे सुचलं कुठून ते मला माहीत आहे," तो धाकटीकडे पाहून म्हणाला. "हिच्या गोष्टींनी घराचं वाटोळं केलं. दुपारभर हिला राजवाडे दिसतात, म्हणून याला स्वतःचं राज्य पाहिजे झालंय."

 धाकटीचे डोके थोरलीकडे वळले. राजवाडे दोघींचे होते. किंबहुना राजवाड्यांची मापे थोरलीचीच होती. थोरली टेबलावरच्या फडक्याची घडी घालत होती. तिने ती घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. तिचा भांग खाली झुकलेलाच राहिला. बोलायची वेळ आली आणि गेली. धाकटी उठून आत गेली.

महिन्याभरात धाकट्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला घर घेतले. कपाटे, भांडी, खुर्च्या, सगळ्यांची वाटणी झाली. मी छताला होतो, छत थोरल्याकडे गेले, म्हणून मीही थोरल्याकडे राहिलो. उरला अरण्यकेतू. त्यासाठी प्रकाशकांना बोलावले. टेबलावर कॅलेंडरच्या पाठीवरचा नकाशा पसरला. आता तो घड्यांवर फाटू लागला होता.

"राज्य एकच ठेवा हो," प्रकाशक अजिजीने म्हणाले.

"राज्य राहील," धाकटी म्हणाली. "राजे वेगळे होतील. डोंगराकडचं त्यांचं, समुद्राकडचं माझं."

थोरलीने पट्टी घेतली. "निरोप्या तुझा. अबोली माझी. एकमेकींची माणसं वापरायची नाहीत."

"आणि पाणी?" धाकटीने विचारले. "नदी माझ्याकडून तुमच्याकडे वाहते. मी अडवलं तर?"

"अडव," थोरली म्हणाली.

दोघी एकमेकींशी एवढ्या सभ्यपणे बोलत होत्या की प्रकाशकांनी चहासुद्धा घेतला नाही. भाऊबंदकीत शेताचे तुकडे होतात हे तुम्ही ऐकले असेल, मित्रांनो. जे राज्य कुठेच नाही त्याचेही तुकडे होतात, हे मी पाहिले आहे. जाताना धाकटीने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जिना उतरली.

त्यानंतरची वर्षे माझ्याखाली एकच डोके होते. थोरली नेमाने लिही. आता तिच्या पुस्तकावर 'अरण्यकेतू, उत्तर' असे छापत. तिच्या डोंगरात वादळे येत, दरडी कोसळत, सैन्ये वेळेवर निघत आणि वेळेवर पोहोचत. चुकीचे काहीच नव्हते. मोठ्याने वाचतानाही तिला कोणी थांबवत नसे. ती स्वतःच एखाद्या वाक्याशी थांबे आणि समोरच्या खुर्चीकडे पाही. मग पुढे वाचे.

"बाई, डोंगर उत्तम झालेत," प्रकाशक म्हणाले. "पण डोंगरात माणसं का नाहीत?"

"थंडी फार आहे," थोरली म्हणाली.

धाकटीचे 'अरण्यकेतू, दक्षिण' आले ते मुलीने विकत आणले. थोरलीने ते दोन दुपारींत वाचले. "नुसती बडबड," ती मुलीला म्हणाली. "बाजारात माणसं बोलतात, बोलतात आणि घरी जातात. घडत काहीच नाही." पण न्हाव्याच्या प्रकरणाशी तिचे खांदे हलत होते. ते मी वरून पाहिले. हसू दाबले की खांदे हलतात.

माझ्याकडेही आता दुर्लक्ष होऊ लागले होते. पात्यांच्या कडांना धूळ जमली. पूर्वी धाकटी मला पुसत असे. ती टेबलावर चढून एकेक पाते धरी आणि त्याच वेळी संवाद रचत असे. आता ते कोणाच्या कामात बसत नव्हते. वायरमनला बोलावले ते फक्त मी एकदा बंदच पडलो तेव्हा. त्याने कंडेन्सर बदलला आणि तो गेला.

मग धाकटीचा पुढचा भाग आला. मुलगी तोवर कॉलेजात जाऊ लागली होती. तिने तो आधीच वाचला होता आणि टेबलावर आणून ठेवला. थोरली वाचत गेली. शेवटच्या पानाशी तिने पुस्तक मिटले, उठली, माझे बटण बंद केले आणि पुन्हा चालू केले.

त्या पुस्तकाच्या शेवटी बडबड्या निरोप्या बाजारातून निघून, माघारीच्या काठाकाठाने, थेट खिंडीच्या दारापाशी येऊन उभा राहिला होता. बर्फ पडत होता. त्याला बजावले होते की, ज्याच्यासाठी निरोप आहे तो माणूस समोर येईपर्यंत तोंड उघडायचे नाही. आयुष्यात प्रथमच तो गप्प उभा होता. दार बंद होते. पुस्तक तिथेच संपले होते.

थोरलीने प्रकाशकांना फोन लावला. "तिनं माझ्या हद्दीत माणूस घातलाय. वाटणी झाली होती. तुम्ही साक्षीला होता."

फोनवरचा आवाज मला ऐकू येत नव्हता, पण थोरलीने तो मुलीला सांगितला. "म्हणतात, तुमची हद्द आहे ना, मग मारून टाका त्याला."

"मारणार?" मुलीने विचारले.

"बर्फात उभा राहिला की माणूस मरतोच. मी काही वेगळं करायला नको."

"काकूच्या निरोप्याला मारलंस तर मी तुझं पुस्तक वाचणार नाही. आणि मैत्रिणींनाही वाचू देणार नाही."

थोरलीने खरेच दरड कोसळवायला घेतली. ती चांगलीच दरड होती, अगदी मोजूनमापून. लिहून झाल्यावर तिने ती वाचली, कागद दुमडला आणि फाडला. दुसऱ्या दिवशी लांडगे आणले. तेही फाडले. पुढचे कितीतरी दिवस ती टेबलाशी नुसती बसे. पुस्तक अडले होते. प्रकाशक विचारीत होते, वाचक त्यांना विचारीत होते, आणि निरोप्या बर्फात होता.

एके दुपारी थोरला भाऊ तापाने फणफणून दुकानातून लवकर आला. त्याला आत निजवून थोरली टेबलाशी आली आणि एका बैठकीत लिहीत गेली. मग तिने ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली, सवयीने. थोरला पांघरूण गुंडाळून दारात येऊन उभा राहिला होता. ते तिला माहीत नव्हते.

तिने वाचले ते असे होते. अबोलीपाशी आता दोनच शब्द उरले होते. एक 'नाही' आणि दुसरा 'ये'. पहारेकऱ्याला 'नाही' सगळ्यात जास्त लागतो, म्हणून तिने तो जन्मभर जपून ठेवला होता. दार बर्फाने गोठले होते आणि ते जादूशिवाय उघडणार नव्हते. जादूला एक शब्द द्यावा लागणार होता. अबोली बराच वेळ दाराच्या आत उभी राहिली. मग तिने आपला 'नाही' देऊन टाकला. दार उघडले. आता तिच्यापाशी 'ये'शिवाय शब्दच नव्हता, म्हणून ती तेवढाच म्हणाली.

थोरली थांबली.

"मग?" दारातून थोरल्याने विचारले. "निरोप काय होता?"

तिने दचकून मागे पाहिले. "तुम्ही का उठलात?"

"निरोप काय होता ते सांग ना."

"मला काय माहीत? तो तिच्याकडचा माणूस आहे."

थोरला खुर्चीवर येऊन बसला. त्याच्या डोक्यावर आता मधोमध एक वाटोळी जागा मोकळी झाली होती. "मग विचार तिला," तो म्हणाला.

"कोणत्या तोंडानं विचारू? तुम्ही तिला नाही नाही ते बोललात आणि मी घडी घालत बसले."

त्याने पांघरूण खांद्यावर ओढून घेतले. मग म्हणाला, "मी बोललो ते चुकीचंच होतं," आणि उठून पुन्हा निजायला गेला. त्या घरात एवढे कबूल होणे म्हणजे फार झाले.

पुस्तक तसेच छापले गेले. अबोली 'ये' म्हणते आणि निरोप्या तोंड उघडतो, एवढ्यावरच ते संपले. प्रकाशक म्हणाले, लोक मला रस्त्यात गाठून मारतील.

पुस्तक बाजारात येऊन थोडे दिवस झाले असतील. दुपारी घंटा वाजली. थोरलीने दार उघडले आणि बाजूला झाली. माझ्याखाली आले ते डोके बरेच पांढरे झाले होते. केस आखूड कापले होते, पण कुरळे होते, आणि त्यांत पेन्सिल होती.

"बरं केलंत दार उघडलंत ते," धाकटी म्हणाली. "किती दिवस बिचारा बर्फात उभा होता."

"उभा कोणी केला होता?"

"मी केला. पण थंडी तुमची होती, जाऊबाई."

थोरलीने तिच्यासाठी खुर्ची ओढली. स्वतःही बसली. टेबलावर हात ठेवून म्हणाली, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हो," धाकटी म्हणाली. "हवं होतं."

 मग थोरलीने विचारले, "निरोप काय आहे?"

"मला कुठं माहीत? माहीत असता तर फोनवर नसता सांगितला? म्हटलं, दार तर ठोठावू. निरोप नंतर बघू."

यावर थोरली हसली. खांदे हलवून नव्हे. मान पार मागे टाकून हसली. तिचा चेहरा मला इतका स्पष्ट प्रथमच दिसला. तिच्या हनुवटीवर एक तीळ आहे, हे मला तोवर माहीत नव्हते.

संध्याकाळी थोरला आला. धाकटीला पाहून दारातच थबकला. "बरी आहेस ना?" त्याने विचारले. "बरी आहे, दादा," ती म्हणाली. तो हातपाय धुवायला आत गेला. भावांची दुकाने पुढे वेगळीच राहिली. गोष्टीत सगळे जुळते तसे घरात जुळत नाही. पण आठवड्यातल्या काही दुपारी धाकटी बस पकडून येई.

शेवटचा भाग लिहायला त्यांना फार वेळ लागला. निरोपावरच सगळे अडले होते. थोरली म्हणे, युद्धाची वार्ता असेल. धाकटी म्हणे, युद्धाची वार्ता घेऊन कोणी बडबड्याला पाठवत नाही. खजिना झाला, शाप झाला, हरवलेला वारस झाला. सगळे लिहून पाहिले आणि सगळे टाकले. अखेर जो निरोप राहिला तो एवढाच: दक्षिणेकडच्या बाजारातून विचारलेय, तिकडे थंडी फार आहे का? पांघरूण पाठवू का? एका जाणकाराने वर्तमानपत्रात लिहिले की, इतक्या थोर मालिकेचा शेवट अगदीच घरगुती झाला. थोरलीने ते धाकटीला वाचून दाखवले. "घरातच लिहिलंय, मग कसा होणार?" धाकटी म्हणाली. त्या पुस्तकावर दोघींची खरी नावे छापली. प्रकाशक म्हणाले, खप पडेल. थोडा पडलाही.

आता ते काम संपले आहे. दोघी दुपारी बसतात, चहा पितात आणि लिहीत नाहीत. मुलगी सगळ्यांसाठी गार हवेचे यंत्र घ्यायचे म्हणते. मी हळू फिरतो आणि फिरताना करकरतो. मध्यंतरी एक नवा वायरमन आला होता. त्याने मला खाली उतरवले, बेअरिंग बोटाने फिरवून पाहिले आणि मान हलवली. "यात वेळेवर तेल पडलं असतं तर हा अजून पुष्कळ चालला असता," तो म्हणाला. "लोक आवाज यायला लागल्यावर तेल घालतात. आवाज येतो तो आतलं झिजल्यावर."

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. तुमच्या डोक्यावर जे कोणी फिरत असेल त्याच्याकडे अधूनमधून मान वर करून पाहा. बटण बंद करून ओल्या फडक्याने पाती पुसा आणि पुसताना त्यांना वाकवू नका. आणि तेल घालायचे असेल तर सगळे शांत चाललेले असते, तेव्हाच घाला. माझ्या खाली बसणाऱ्या माणसांनाही मी हेच सांगितले असते. पंख्याला बोलता येत नाही, आणि ज्यांना येते ती माणसे कधी कधी फडक्याच्या घड्या घालत बसतात.